हेल्मसेच्या धन्याचं बिऱ्हाड

रविवारच्या मिस्साहून आल्याआल्या अ‍ॅलिसनं चर्चचा ड्रेस बदलला, गरम पाण्याचा वाडगा घेतला आणि ती म्हाताऱ्याची दाढी करायला बसली. आज त्याचा मुलगा जेवायला येणार होता. दुबईतल्या अल कुसैसच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये हॉलमधला सोफा हलवून दवाखान्यातला वरखाली होणारा पलंग आणला होता, आणि त्या पलंगावर मान कलती करून सर युअन डनार्ड पडले होते. एके काळचे एका अख्ख्या बेटाचे धनी, ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद, काही काळ उपमंत्री, आणि तिचा नवरा फ्रँक तुस्कानो याचे जन्माचे साहेब.

‘आठवड्याभराचा प्रश्न आहे,’ असं फ्रँक म्हणाला होता. मुलानं लंडनमध्ये बसून साहेबांचा दुबई मरीनातला भाड्याचा फ्लॅट सोडून दिला, देखभालीची बाई बंद केली, आणि फ्रँकनं साहेबांना गाडीत घालून सरळ घरी आणलं. अ‍ॅलिसला त्यानं विचारलं नव्हतं. पार्किंगमधून फोन करून लिफ्ट धरून ठेवायला तेवढं सांगितलं होतं. त्यावर एक उन्हाळा उलटून गेला. सगळी उमेदीची वर्षं दुबईच्या हॉस्पिटलांत नर्स म्हणून काढून तिनं निवृत्ती घेतली ती गुडघ्यांपायी. आता तेच गुडघे टेकून ती एका परक्या माणसाच्या टाचांना तेल लावत होती.

सर युअनची कहाणी या घरात सगळ्यांना पाठ होती, कारण फ्रँक ती दर नाताळात सांगायचा. त्यांचा पणजोबा स्कॉटलंडहून मुंबईला आला. त्यानं चीनला अफू पाठवली, इंग्लंडला कापूस पाठवला, झांझिबारच्या लवंगांत हात घातला, आणि त्या कमाईवर मायदेशाच्या वायव्येला हेल्मसे नावाचं बेट विकत घेतलं. बेट, त्यावरच्या मेंढ्या आणि त्यावरची माणसंसुद्धा, असं अ‍ॅलिस मध्येच म्हणायची आणि फ्रँक ऐकलं न ऐकलं करायचा. सर युअन मात्र जन्मले मुंबईतच, मलबार हिलवर, आणि शाळेसाठी बोटीत बसवून पाठवलं जाईपर्यंत एका आयेच्या कडेवर वाढले. फ्रँकचा आजा तेव्हा डनार्ड कंपनीच्या कचेरीत कारकून होता. देश स्वतंत्र झाला तशी कंपनी हळूहळू आखाताकडे सरकली, आणि तिच्या मागोमाग तुस्कानोही वसईतून सरकले. आधी फ्रँकचा बाप जोकीम, मग फ्रँक, मग धाकटा मेल्विन.

पुढे सर युअन निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून येत राहिले. हेल्मसेवर घरं त्यांची, धक्का त्यांचा, दुकान त्यांच्या माणसाचं. भिंतीत नवी खिडकी पाडायची तरी वाड्यावर जाऊन विचारावं लागे, मग मत दुसऱ्याला कोण देणार? पार्लमेंटमध्ये ते जमिनीच्या हक्कांवर फार छान बोलत. ते हक्क कुणाचे, हे अ‍ॅलिसच्या उशिरा लक्षात आलं. आणि तेच गृहस्थ इथं आले की अरबांच्या बैठकीत, मजलिसीत, बूट काढून अगदी दारापाशी बसत. फ्रँकला त्याचं भारी कौतुक. फ्रँक एकदाच हेल्मसेला जाऊन आला होता. त्याला घोड्यांच्या पागेवरची खोली मिळाली, दोन्ही दिवस धुकं होतं, आणि परत आल्यावर तो वसईच्या आपल्या वाडीबद्दल कधी बोलला नव्हता इतकं त्या बेटाबद्दल बोलला.

नाताळात न सांगितली जाणारी गोष्ट एकच होती, आणि तीही सगळ्यांना माहीत होती. खोर फक्कानच्या बंदरात क्रेनचा साखळदंड तुटून जोकीम गेला, त्याच आठवड्यात सर युअन पार्लमेंटच्या पाहुण्यांना घेऊन बंदर दाखवायला आले होते. फ्रँक नुकता कुठं कामाला लागला होता. कुणीतरी पाहुण्यांबरोबर राहायला हवं होतं. बापाची शवपेटी विमानानं मुंबईला गेली, मेल्विन शाळेच्या गणवेशात दफनाला उभा राहिला, आणि थोरला मुलगा इथं गोऱ्या साहेबांना थंड पाणी देत धक्क्यावरून फिरला. अ‍ॅलिस या घरात त्यानंतर आली. सासूनं मरेपर्यंत फ्रँकशी कामापुरतंच बोलणं ठेवलं ते मात्र तिनं डोळ्यांनी पाहिलं.

रॉडरिक डनार्ड वेळेवर आला. पन्नाशी ओलांडलेला, उन्हानं मान लाल झालेली, हातात फुलं. त्यानं ती अ‍ॅलिसला दिली, बापाच्या पलंगाजवळ जाऊन खांद्याला स्पर्श केला आणि लगेच हात मागे घेतला. सर युअननी त्याच्याकडे पाहिलं आणि हवा कशी आहे विचारलं. त्यानं गरम आहे म्हणून सांगितलं. बापलेकांचं तेवढंच बोलणं झालं.

मेल्विन खोर फक्कानहून आला होता. तिथलं कंपनीचं ऑफिस तो बघायचा. एलिशा, अ‍ॅलिसची मुलगी, मरीनातल्या एका वकिली फर्ममध्ये होती. म्हाताऱ्याला घरात आणल्यापासून ती वडिलांवर चिडून होती आणि आजही आईनं गळ घातली म्हणून आली होती. अ‍ॅलिसनं चिकनचा रस्सा आणि कोळंबीचा पुलाव केला होता. फ्रँक टाय लावून बसला होता. स्वतःच्या घरात, रविवारी, टाय.

जेवताना फ्रँकनं विषय काढला. सरांना आता घरी न्यायला हवं, म्हणाला. डॉक्टर थोडे का कू करताहेत, पण बरोबर नर्स असेल तर विमान कंपन्या घेतात. अ‍ॅलिस जाईल बरोबर. मीही येईन. त्यांना हेल्मसे एकदा दिसलं पाहिजे.

अ‍ॅलिसनं ताटातून मान वर केली. आपण जाणार आहोत हे तिला आत्ता कळत होतं.

रॉडरिकनं काटा खाली ठेवला. तो सावकाश बोलला, आणि अ‍ॅलिसला वाटलं की हे वाक्य त्यानं विमानात बरेचदा घोकलं असावं. हेल्मसे आता आमचं राहिलेलं नाही, तो म्हणाला. मुखत्यारपत्र त्याच्याकडे होतं. बेटावरच्या लोकांनी ट्रस्ट काढला होता, वसंतात व्यवहार पुरा झाला. लोकांनी टेकडीवर होळी पेटवली, रात्रभर नाचले. वाड्याची आता शाळा होणार आहे.

‘आणि कंपनी?’ एलिशानं विचारलं. हा प्रश्न फ्रँकनं विचारायला हवा होता.

कंपनीही दिली होती. जबल अलीच्या एका लॉजिस्टिक्सवाल्यांना. वर्षअखेरीस डनार्ड हे नाव जाईल. दुबईचं ऑफिस बंद होईल, खोर फक्कानचं चालू राहील. हे बोलून रॉडरिकनं मेल्विनकडे पाहिलं आणि भल्या मनानं म्हणाला, की मेल्विननं गेले काही महिने इतकी मदत केली नसती तर हे जमलंच नसतं.

मेल्विननं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

‘तुला माहीत होतं?’ फ्रँकनं मराठीत विचारलं.

‘दादा, मी सांगणारच होतो.’

‘कधी?’

‘सांगून काय केलं असतंस तू?’ मेल्विनचा आवाज चढला नाही. ‘डील मोडली असतीस. साहेबांना जाऊन सांगितलं असतंस. तुझं आयुष्य गेलं त्यांच्यात, माझं नको जायला. मला दोन पोरं आहेत कॉलेजात. नव्या लोकांना खोर फक्कानला मॅनेजर हवाय.’

‘आणि पप्पांचा व्हिसा कंपनीवर आहे, हे यू जस्ट फर्गॉट?’ एलिशा म्हणाली. ‘मम्मीचा पप्पांवर. या वयात दुसरं कोण घेणार त्यांना? ते कुठं जाणार?’

‘वसईला घर आहे.’

‘ते तुझ्या नावावर आहे, अंकल. आजीनं करून दिलेलं.’

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि तरी ते असं जेवणाच्या टेबलावर कधी मांडलं गेलं नव्हतं. मेल्विन अ‍ॅलिसकडे वळला. एरवी अशा वेळी तीच दोघा भावांच्या मध्ये पडायची. ‘वहिनी, तुम्ही तरी समजून घ्या,’ तो म्हणाला. तिला ते समजत होतं, अडचण तीच होती. दफनाला गणवेशात उभा राहिलेला तो मुलगा तिला त्याच्या चेहऱ्यात दिसत होता. ती काही बोलली नाही. मेल्विननं ते आपल्याविरुद्ध घेतलं, आणि फ्रँकनंही.

मग फ्रँक रॉडरिककडे वळला. अ‍ॅलिसला वाटलं, आता तरी हा स्वतःबद्दल बोलेल. इतकी वर्षं दिली त्याबद्दल एक शब्द तरी विचारेल. फ्रँकनं इंग्रजीत, ऑफिसातल्या आवाजात विचारलं, ‘आणि सरांचं काय?’

एलिशानं खुर्ची मागे सारली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

रॉडरिकचा चेहरा प्रथमच बदलला. तो म्हणाला, बेटावरचे लोक वाईट नाहीत. घराण्याच्या दफनभूमीत बाबांना जागा द्यायला ते तयार आहेत, आपणहून म्हणाले. ‘मीच तयार नाही. मला सात वर्षांचा असताना बोर्डिंगच्या शाळेत ठेवलं. आई गेली तेव्हा हे इथं होते, तुमच्याबरोबर, मिस्टर तुस्कानो. तुम्ही मला सांत्वनाची तार केलीत. त्यांनी नाही. त्या बेटावर त्यांच्यासाठी शोक करत मला उभं राहायचं नाही. म्हणून विकलं.’ मग तो म्हणाला, की इथं जी काही व्यवस्था करावी लागेल ती करा, मी कळवीन तशी परवानगी देईन.

तेव्हा कुठं अ‍ॅलिसचं लक्ष पलंगाकडे गेलं. सगळं बोलणं हॉलमध्येच चाललं होतं, पलंगापासून चार हातांवर, आणि म्हाताऱ्याला ऐकू येत नाही असं सगळे धरून चालले होते. सर युअनचे डोळे उघडे होते. त्यांनी भिंतीकडे पाहत विचारलं, ‘शाळा?’

रॉडरिक तासाभरात निघाला. जाताना त्यानं अ‍ॅलिसचा हात दोन्ही हातांत धरला आणि क्षमा मागितली. कशाची, ते तो बोलला नाही.

त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं तोंड मिटलं. अ‍ॅलिसनं पेज करून पाहिली, फळांचा रस दिला. ते ओठ घट्ट आवळून मान फिरवायचे. डॉक्टर घरी येऊन गेले आणि तिला बाजूला घेऊन जे म्हणाले ते तिनं आधीच ओळखलं होतं. शेजारची हुमेरा खजूर कुस्करून दुधातून घेऊन आली, पलंगाजवळ बसली आणि बाहेर पडताना अ‍ॅलिसला म्हणाली, ‘अल्लाह आसान करे.’ अ‍ॅलिसला रडू आलं ते त्या परक्या बाईपुढे, घरातल्या कुणापुढे नाही.

फ्रँक ऑफिसला जायचा, कारण ऑफिस अजून बंद झालं नव्हतं. तिथं तो काय करायचा देव जाणे. एलिशा रोज संध्याकाळी फोन करायची. मी तुम्हा दोघांना स्पॉन्सर करते, माझ्याकडे राहा, म्हणायची. फ्रँक म्हणायचा, सरांचं आधी होऊ दे. मेल्विनचा फोन तो उचलत नव्हता. म्हणून मेल्विन अ‍ॅलिसला करायचा, आणि ती बाल्कनीत जाऊन उचलायची. नवऱ्यापासून लपवून दिराशी बोलायची वेळ तिच्यावर आली होती. तो दादा कसा आहे विचारायचा. ती म्हणायची, आहे.

एका दुपारी फ्रँक लवकर आला आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसला. अ‍ॅलिस आत कपड्यांच्या घड्या घालत होती, दार उघडं होतं. सर युअन त्या दिवशी बरेच शुद्धीवर होते. त्यांनी फ्रँकला नावानं हाक मारली. फ्रँक पुढे झुकला. अ‍ॅलिसच्या हातातली चादर तशीच राहिली. तिला ठाऊक होतं तो कशाची वाट पाहतोय. एक शब्द हवा होता त्याला.

‘खोर फक्कानला एक माणूस होता,’ म्हातारा म्हणाला. ‘बंदरावर. अपघातात गेला. चांगला माणूस. तो तुमच्यापैकीच होता का?’

‘हो, सर.’

‘नाव काय त्याचं?’

‘जोकीम, सर.’

‘नाही, नाही. जोकीम नाही.’ म्हाताऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या, खूप आठवून पाहिलं. ‘मी स्वतः गेलो होतो त्याच्या दफनाला. त्याच्या मुलाबरोबर उभा होतो. तुला आठवत असेल.’

अ‍ॅलिस दारात येऊन उभी राहिली. आता हा सांगेल, तिला वाटलं. इतक्या वर्षांनी, एकदाच, सांगेल की तुम्ही नव्हता, आणि तुमच्यामुळे मीही नव्हतो.

‘आठवतंय, सर,’ फ्रँक म्हणाला.

म्हाताऱ्याला बरं वाटलेलं दिसलं. त्यानं डोळे मिटले. फ्रँकनं पांघरूण त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं, उठला, आणि अ‍ॅलिसच्या बाजूनं न बघता बाथरूममध्ये जाऊन त्यानं नळ सोडला. नळ खूप वेळ वाहत होता.

सर युअन गेले तेव्हा फ्रँक घरी नव्हता. सकाळचं लख्ख ऊन पलंगावर आलं होतं. अ‍ॅलिस त्यांचे ओठ ओल्या कापसानं पुसत होती. त्यांनी डोळे उघडले आणि लहान मुलाच्या आवाजात म्हणाले, ‘आया, बोट में नहीं जाना.’ तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांनी तिचं मनगट धरलं. त्या बोटांत एवढी ताकद कुठून आली होती? या माणसाचा ती इतकी वर्षं दुस्वास करत आली होती. सासूच्या वतीनं, सासऱ्याच्या वतीनं, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या. ‘नहीं जाना, बाबा,’ ती म्हणाली. ‘इधरच रहने का.’ तिनं हात सोडवून घेतला नाही. ती बोटं आपोआप सैल झाली, तेव्हा तिनं सवयीप्रमाणे घड्याळ पाहिलं आणि मग फ्रँकला फोन लावला.

रॉडरिकचा निरोप त्याच दिवशी आला. दफन तिथंच करावं, मला येणं जमणार नाही, तुम्हा सर्वांचा ऋणी आहे.

जबल अलीच्या ख्रिस्ती दफनभूमीत वाळूतल्या त्या चौकोनाभोवती मोजकीच माणसं जमली. जुन्या क्लबातले दोन थकलेले इंग्रज होते, हुमेरा आणि तिचा नवरा यूनुस होता. एलिशा काळे कपडे घालून वडिलांना चिकटून उभी होती. मेल्विन खोर फक्कानहून डोंगर ओलांडून आला होता आणि जरा लांब थांबला होता. फ्रँकनं त्याला पाहिलं, पण ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

फादरांची प्रार्थना संपली. पेटी खाली गेली. मग फादर थांबले आणि त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सर्वांत जवळच्या माणसानं आधी माती टाकायची असते. क्लबातल्या इंग्रजांनी फ्रँककडे पाहिलं. एलिशानं त्याचा दंड हलकेच पुढे सारला. फ्रँक एक पाऊल पुढे झाला, वाकला, त्यानं मूठभर वाळू घेतली, आणि तो तसाच उभा राहिला.

‘अ‍ॅलिस,’ तो मराठीत म्हणाला, अगदी हळू. ‘मी यांचा कोण?’

हाच प्रश्न संसाराच्या सगळ्या भांडणांत तिच्या जिभेच्या टोकावर येऊन थांबला होता. तो आज त्यानंच विचारला, तर तिला त्यात काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. त्याच्या मुठीतून वाळू गळत होती. बघता बघता मूठ रिकामी झाली, आणि एक कणही खड्ड्यात पडला नव्हता.

तेव्हा मेल्विन पुढे आला. तो सरळ भावाच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्यानं वाकून वाळू उचलली. फ्रँकनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मेल्विननं वाळू टाकली, हात झटकले आणि भावाच्या पाठीवर हात ठेवला. फ्रँकनं खांदा हलवून तो हात झटकला. रागानंसुद्धा नाही, माशी उडवावी तसा. मेल्विन काही वेळ थांबला आणि आपल्या गाडीकडे निघून गेला. शेवटी अ‍ॅलिसनं माती टाकली, मग एलिशानं, आणि मग कामगारांनी फावडी घेतली.

परतताना गाडी एलिशा चालवत होती. फ्रँक पुढे बसला होता, अ‍ॅलिस मागे. आज माझ्याकडेच चला, एलिशा म्हणाली. शेख झायेद रस्त्यावर ट्रॅफिक तुंबला होता. दोन्हीकडे काचेच्या इमारतींवर ऊन तळपत होतं. फ्रँकनं टाय नीट केला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मागे वळला. त्याचा चेहरा शांत होता, थोडा काळजीत, रोजचा असायचा तसाच.

‘अ‍ॅलिस,’ तो म्हणाला, ‘सरांची दुपारची गोळी दिलीस का?’

आरशात एलिशाचे डोळे आईवर आले. अ‍ॅलिसनं नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. ही नजर तिनं वॉर्डांत पुष्कळ पाहिली होती, आणि तसं भान हरपलं की माणसं सहसा परत येत नाहीत हेही पाहिलं होतं.

‘दिली,’ ती म्हणाली.